रुमालाखालचा भाव

(तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या गारठ्यात मफलर गुंडाळून आलेले सगळे श्रोते,

पत्रिकेवर विषय छापलाय 'डिजिटल तंत्रज्ञान, व्यापार आणि बदलती जागतिक अर्थव्यवस्था'. हा विषय मी दिलेला नाही. मी कार्यवाहांना म्हटलं होतं की मी सोयाबीनवर बोलतो. ते म्हणाले, "सर, सोयाबीनवर ऐकायला कोण येणार? ते तर घरी रोज चालूच असतंय." मग त्यांनी पत्रिकेवर जग छापलं. छापू द्या. मी सुरुवात सोयाबीनपासूनच करणार आहे आणि वेळ उरला तर जगाकडे जाणार आहे. कॉलेजात तीस-पस्तीस वर्षं कॉमर्स शिकवलंय, त्यामुळे अभ्यासक्रम कधी पूर्ण होत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. (हशा)

साठी ओलांडलेले बरेच जण समोर दिसतात. त्यांनी रुमालाखालचा सौदा पाहिलेला असणार. तरुण मंडळींसाठी सांगतो. आमचे आण्णा आडत दुकानात मुनीम होते, त्यामुळे शाळा सुटली की माझा मुक्काम गादीवर, रोजमेळाच्या चोपड्यांशेजारी. दुकानापुढे ज्वारीचा नाहीतर तुरीचा ढीग ओतलेला असायचा. खरेदीदार यायचा, ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळचा माल वर काढायचा, ओंजळीत घेऊन फुंकर मारायचा, एखादा दाणा दाढेखाली फोडून बघायचा. मग आडत्याचा हात धरून त्यावर रुमाल नाहीतर उपरण्याचं टोक टाकायचा. पुढचा सगळा सौदा बोटांचा. इतकी बोटं दाबली की इतके शेकडे, एवढी पेरं धरली की एवढे रुपये, मूठ आवळली की अजून काही. तोंडानं मात्र दोघे पावसाच्या गप्पा मारणार. आणि ज्याचा माल, तो शेतकरी समोर उकिडवा बसून या दोघांच्या चेहऱ्याकडे बघत राहणार. बैलबाजारात अजूनही हा प्रकार दिसतो. आडतीतून तो गेला, कारण बाजार समितीच्या कायद्यानं उघड लिलाव सक्तीचा केला. चांगलं झालं. रुमालाखाली किती शेतकरी नागवले गेले, त्याचा हिशेब कुठल्याच चोपडीत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या, आज माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. त्या वेळी शेतकऱ्याला भाव दिसत नव्हता, पण भाव करणारा माणूस दिसत होता. तो कोणत्या गल्लीत राहतो, कुणाचा जावई आहे, मागच्या साली कुणाचे पैसे बुडवले, हे सगळं ठाऊक असायचं. आण्णांच्या दुकानावर एक म्हातारी आली होती. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, हातात पडल्यावर तिनं खरेदीदाराला भर आडतीत, सगळ्या हमाल-मापाड्यांदेखत जे काही सुनावलं ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. पण क्विंटलमागं चार रुपये वाढवून मिळाले! आज ते चार रुपये वाढवून घ्यायचे असतील तर ती म्हातारी जाणार कुणाकडं?

आता भाव सगळ्यांना दिसतो. मी राहतो तिथं शेजारी एक शेतकरी आहे, आठ एकर सोयाबीन. सकाळी दूध आणायला भेटतो. परवा म्हणाला, "सर, शिकागो रात्री पडलंय. आज काही काढत नाही." मी जागीच थांबलो. याला शिकागो कुठं आहे ते दाखवा म्हटलं तर नकाशा उलटा धरील, पण तिथं रात्री बाजार पडला हे याला माझ्याआधी माहीत! त्याच्या मोबाइलवर सकाळी सोयाबीन गाळणाऱ्या प्लांटवाल्यांचे रेट येतात, दुपारी लातूरच्या पोटलीत, म्हणजे तिथल्या सौद्यात, काय भाव निघाला ते येतं, मलेशियाचं पामतेल येतं, ब्राझीलमध्ये पाऊस पडला का तेही येतं. आपल्या महसूल मंडळात किती पाऊस झाला ते मात्र तलाठ्याला विचारावं लागतं. (हशा)

आता हे शिकागो म्हणजे काय? 1848 साली तिथं 'शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड' निघालं. धान्याचे वायदे, म्हणजे पुढं द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवायचे सौदे, तिथं एका खड्ड्यात व्हायचे. पायऱ्यापायऱ्यांचा गोल खड्डा, त्यात रंगीत जाकिटं घातलेली माणसं, प्रचंड आरडाओरडा आणि हातवारे. तळवा आपल्याकडं वळवला की घ्यायचंय, तळवा समोर केला की विकायचंय, बोटांवर भाव. म्हणजे तिथंही बोटंच! फरक एवढाच की त्यांनी बोटं उघड्यावर ठेवली आणि आपण रुमाल टाकला. जुलै 2015 मध्ये तिथले फ्युचर्सचे, म्हणजे वायद्यांचे, बहुतेक खड्डे बंद झाले, कारण सगळा व्यवहार संगणकावर गेला होता. संगणकावरही आता माणूस बसून बटण दाबतोच असं नाही. हवामानाचा अंदाज, उपग्रहाची छायाचित्रं, अमेरिकी कृषी खात्याचा अहवाल, हे सगळं प्रोग्रॅम वाचतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सौदा करून मोकळा होतो.

माझ्या शेजाऱ्याला मी एक हिशेब करून दाखवला. तुम्हालाही दाखवतो, फळा असता तर बरं झालं असतं. शिकागोचा भाव बुशेलवर असतो. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे 60 पौंड, म्हणजे 27.2 किलो. समजा तिथं बुशेलला 10 डॉलर भाव आहे. क्विंटलला झाले पावणेसदतीस डॉलर. डॉलर 85 रुपये धरा. आले जवळजवळ 3,120 रुपये. त्याला म्हटलं, "बघ, शिकागोत असतास तर तुला 3,120 पडले असते. 2025-26 चा आपला हमीभाव 5,328." तो म्हणाला, "आन् बाजारात त्याच्या खालीच मागायलेत, त्याचं काय?" तेही खरंच आहे. 2024 आणि 2025 च्या हंगामात बाजार बराच काळ हमीभावाच्या खालीच होता.

मग शिकागो पडल्यावर लातूर का पडावं? सोयाबीनमध्ये तेल साधारण 18 टक्के, बाकी बहुतेक पेंड. तेलाचं म्हणाल तर आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं. त्यामुळे आपल्या तेलाचा भाव त्यांच्या तेलाला आणि दिल्लीच्या आयात शुल्काला बांधलेला. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, मे 2025 अखेर ते 10 वर आणलं. पेंडीचं म्हणाल तर ती कोंबड्या खातात. आता मक्यापासून इथेनॉल निघायला लागलं आणि त्याचा उरलेला चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो खाद्यात स्वस्तात जायला लागला. म्हणजे तुमच्या गाडीच्या पेट्रोलमध्ये काय मिसळायचं यावर कोंबडीचं ताट ठरतं आणि कोंबडीच्या ताटावर औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याची पट्टी. हे सगळं मोबाइलवर दिसतं. दिसून करायचं काय, ते मोबाइल सांगत नाही.

2021 आठवा. जुलै-ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. त्या वेळी लोकांच्या घरात सोयाबीन होतं का? बियाण्यापुरतंही नव्हतं. ऑगस्टात केंद्रानं 12 लाख टन जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची, पेंड आयात करायला परवानगी दिली. सप्टेंबर अखेर गुलाब चक्रीवादळाचा पाऊस आला, गंजी पाण्यात तरंगल्या, मांजरा-तेरणाकाठची वावरं वाहून गेली. आणि ऑक्टोबरात माल बाजारात आला तोवर भाव पाच-सहा हजारांवर. 20 डिसेंबरला सेबीनं, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, सोयाबीनसकट सात शेतमालांचे वायदेच बंद केले. एका वर्षासाठी म्हणाले आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ. माझं स्पष्ट मत आहे, कुणाला पटो न पटो. वायद्यात सट्टा होतो, मान्य. पण आपले वायदे बंद करून भाव ठरणं बंद होत नाही, ते फक्त शिकागो आणि क्वालालंपूरला ठरतं. माझ्या शेजाऱ्याला अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा पुढच्या नोव्हेंबरचा भाव मोबाइलवर दिसतो, स्वतःचा दिसत नाही. याला माहितीचं युग म्हणायचं असेल तर म्हणा.

हे जग आपल्या बांधावर आजच आलं असंही नाही. थोडं विषयांतर करतो. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पाऊस पडला. 1865 ला युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि त्याबरोबर मुंबईतल्या बँका आणि पेढ्याही. 1870 साली समुद्राखालून तार टाकून मुंबई लंडनला जोडली, मग लिव्हरपूलचा भाव आठवड्यांऐवजी तासांत यायला लागला. त्या काळातलं ते इंटरनेटच. आपल्याकडे मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे निजामाची रेल्वे आली, 1911 ला बार्शी लाइट रेल्वे लातुरात पोचली. रूळ आले तसे जिनिंग-प्रेसिंग आले आणि आपला कापूस बाहेरच्या भावानं मोजायला लागले. शिवाय आपल्याकडे पैसाही दोन प्रकारचा, निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार. सोलापूरशी व्यवहार करणारा प्रत्येक मुनीम रोज हा बट्टा काढायचा. आमचे आजोबा चौथी पास आणि परकीय चलनाचे तज्ज्ञ! (हशा) मुद्दा हा की तार आली तेव्हाही बातमी वेगानं आली, पण भाव ठरवायची जागा लिव्हरपूलमध्येच राहिली. तारेचा फायदा ज्याच्याकडं तार होती त्याला झाला. मोबाइल सगळ्यांकडं आहे, म्हणून आपल्याला वाटतं की आपण त्या वेळच्या शेतकऱ्यापेक्षा पुढं आहोत.

आता 2016 च्या एप्रिलमधला एक आठवडा सांगतो. तो आपण विसरू शकत नाही, कारण लातुरात नळाला पाणी नव्हतं. 11 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि 12 तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशाचे कॅमेरे स्टेशनवर. त्याच 11 एप्रिलला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली. आणि 14 एप्रिलला दिल्लीत ई-नाम सुरू झालं, म्हणजे देशभरच्या बाजार समित्या एका जाळ्यात जोडायची योजना. तीनही गोष्टी एका आठवड्यातल्या. आपण घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होतो आणि तिकडे आपला पैसा आणि आपला बाजार कसा चालणार ते ठरत होतं. पुढं सप्टेंबरात स्वस्त फोर-जी आलं, नोव्हेंबरात नोटबंदी, आणि वर्षभरात पानटपरीवर क्यूआर कोड चिकटला.

यूपीआयचं मला मनापासून कौतुक आहे, टीकेच्या आधी सांगून ठेवतो. ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात व्यवहारांची संख्या 2,000 कोटींच्या वर गेली. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर, दुकानदाराकडून दमडी न घेता, असं कुणी केलेलं नाही. भाजीवालीला सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट द्यावं लागत नाही. एकच तोटा, पैसे आले की बोलणारा तो दुकानातला खोका फार ओरडतो. आमच्या गल्लीतला चहावाला म्हणतो, "सर, दिवसभर हे 'दहा रुपये प्राप्त झाले, वीस रुपये प्राप्त झाले' बोंबलतंय. उधारी वसूल करणारा समोरच्या ओट्यावर बसून बेरीज करतोय." (हशा)

ई-नामचं तेवढं कौतुक करता येत नाही. तेराशेच्या वर बाजार जोडले गेले, कागदावर. पण लांबचा खरेदीदार स्क्रीनवरून बोली लावील कशाच्या भरवशावर? ओलावा किती, डागी किती, मातेरं किती हे कुणीतरी तपासून लिहिलं पाहिजे, आणि त्या लिहिण्यावर भरवसा पाहिजे. ढिगात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या माणसाची जागा घेणारी प्रयोगशाळा बहुतेक ठिकाणी नाही. म्हणून बोली लावणारे तेच गावातले पाच जण, फक्त हातात टॅब.

आता पुतण्याची गोष्ट. कार्यवाह घड्याळ बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय मी बसणार नाही.

माझ्या पुतण्याचं नांदेड रोडला हॉटेल आहे. पोहे, भजी, दुपारी पिठलं-भाकरी. ट्रकवाले थांबतात. एक दिवस सकाळी दूधवाल्याला पैसे पाठवायला गेला तर जाईनात. किराणावाल्याला जाईनात. येणारे मात्र येत होते, खोका ओरडत होता. त्याला वाटलं नेट गेलं. दुपारी बँकेत गेला तर कळलं, खातं होल्डवर आहे. का? तर महिना-दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी जेवून 640 रुपये पाठवले होते. ते पैसे म्हणे परराज्यात कुणाला तरी ऑनलाइन फसवून काढलेल्या रकमेचा भाग होते. फसलेल्या माणसानं 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. मग पैसा या खात्यातून त्या खात्यात, त्यातून आणखी चार खात्यांत असा गेलेला माग निघाला, आणि त्या मागाच्या शेवटी सापडलं आमचं पिठलं-भाकरीचं हॉटेल.

बरं, 640 रुपये अडकवा, आमचं काही म्हणणं नाही. अडकलं सगळं खातं. त्यात मुलीची फी, गॅसचे पैसे, आचाऱ्याचा पगार. पुतण्या मला म्हणाला, "काका, तुम्ही कॉमर्सचे, चला की सोबत." गेलो. मॅनेजर सज्जन माणूस, माझाच विद्यार्थी निघाला, चहा मागवला. मी विचारलं, "पैसे खात्यात आहेत का?" म्हणाला, "आहेत सर." "मग काढता येतील?" "नाही सर." "म्हणजे आहेत का नाहीत?" तो म्हणाला, "सर, आहेत, पण नाहीत." (हशा) मी म्हटलं, बाबा रे, असलं अकाउंटिंग मी तुला शिकवलेलं नाही. "होल्ड कुणी लावला?" "वरून लागलाय." "वर म्हणजे कोण? विभागीय कार्यालय? मुख्यालय?" "नाही सर, सिस्टीमनं लागतो. आम्हाला इथं नुसतं लाल दिसतं." त्यानं खरंच स्क्रीन वळवून दाखवली. एक लाल पट्टी, एक तक्रार क्रमांक आणि शेजारी एका पोलीस ठाण्याचा ई-मेल. ठाणं इथून दीड हजार किलोमीटरवर.

मेल केला. उत्तर नाही. इंग्रजीतून केला, हिंदीतून केला, हॉटेलचे फोटो जोडले, शॉप अ‍ॅक्टचा परवाना जोडला. फोन लावला तर वाजून बंद. एकदा कुणीतरी उचलला आणि म्हणाला, "इधर आके मिलिए." वहिनी म्हणाल्या, "मी जाते, पैसे घेऊनच येते." वहिनींचा स्वभाव बघता त्या आणल्याही असत्या! पण गाडीभाडं 640 च्या कितीतरी पट झालं असतं. तोवर पुतण्यानं बोर्ड लावला, 'फक्त रोख'. गिऱ्हाईक बोर्ड वाचून पुढच्या हॉटेलात जायला लागलं, कारण खिशात नोटा कुणाच्याच नाहीत. मग बायकोच्या खात्याचा क्यूआर चिकटवला. दूधवाला, किराणावाला थांबले, कारण ते ओळखीचे होते. सिस्टीमच्या वेगात धंदा चालवायचा आणि सिस्टीम बसली की ओळखीवर जगायचं, असा प्रकार.

आणि एके दिवशी सकाळी खातं सुरू झालं. फोन नाही, मेल नाही, पत्र नाही. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "सर, हिरवं दिसतंय." कुणी सोडलं? वरून सुटलं. आता यात वाईट माणूस कोण? फसलेला माणूस बिचारा खराच फसला होता. मॅनेजर चांगला होता. त्या ठाण्यातल्या हवालदाराकडं अशा हजार तक्रारी पडलेल्या असतील. फसवणूक रोखायची तर पैसा पटकन अडवलाच पाहिजे, हेही बरोबर. पण आमच्या म्हातारीनं आडतीत ज्याला उभं करून झापलं, तसं झापायला इथं समोर कुणी नाही. रुमाल गेला, भाव उघड झाला, आणि आता निर्णयच रुमालाखाली गेलाय. त्याखाली कुणाची बोटं आहेत ते बँकेच्या मॅनेजरलाही दिसत नाही.

चिठ्ठी आली. 'सर, दहा मिनिटे. जागतिक अर्थव्यवस्था राहिली.' (हशा) बरं, दहा मिनिटांत जग.

पहिलं असं की जगातला व्यापार आता मालाचा कमी आणि तारेतून जाणाऱ्या गोष्टींचा जास्त वाढतोय. सॉफ्टवेअर, जाहिरात, सिनेमा, गेम, हिशेबाची कामं. सोयातेलाचं जहाज कांडल्याला लागलं की शुल्क भरतं. पण तारेतून आलेल्या वस्तूवर शुल्क लावायचं नाही असं जागतिक व्यापार संघटनेत 1998 साली ठरलं, आणि ते पुढं बैठकीमागून बैठकीत वाढवत नेलं. 1998 मध्ये तारेतून येणार ते काय आणि किती! आज केवढं येतं ते घरातल्या पोरांना विचारा. भारत आणि दक्षिण आफ्रिका तक्रार करत आलेत की यात विकसनशील देशांचा महसूल बुडतो. त्यांची तक्रार मला योग्य वाटते, जरी आपल्याच आयटी कंपन्यांना ती फारशी आवडत नसली तरी.

दुसरं, कराचं. कंपनीचं ऑफिस आपल्याकडं नाही, कामगार नाहीत, आणि उदगीरच्या साडीवाल्यानं दिलेले जाहिरातीचे पैसे तिच्याकडं जातात. नफा कुठं झाला म्हणायचा? आपण 2016 मध्ये अशा ऑनलाइन जाहिरातींवर 6 टक्के लेव्ही लावली, लोक तिला गूगल टॅक्स म्हणायचे. अमेरिका नाराज होती. 1 एप्रिल 2025 पासून ती काढून टाकली. 2021 मध्ये सव्वाशेच्या वर देशांनी मिळून मोठ्या कंपन्यांना किमान 15 टक्के कर आणि नफा वाटून घ्यायची व्यवस्था मान्य केली. किमान कर काही देशांत लागू झाला, वाटून घेण्याचं अजून कागदावर आहे. यावर खरं तर वेगळं व्याख्यान पाहिजे, कार्यवाहांनी नोंद घ्यावी.

तिसरं माझ्या विषयाचं, आणि यासाठीच मी आलो होतो. जुन्या अर्थशास्त्रात बाजार म्हणजे जागा. आता बाजार हीच एक कंपनी आहे. पैठणची बाई पैठणी विकते, संभाजीनगरचा कारागीर हिमरू विकतो, लातूरचा एखादा क्लासवाला व्हिडिओ विकतो. हे सगळे कुणाच्या तरी प्लॅटफॉर्मवर. कुणाचा माल पहिल्या पानावर आणि कुणाचा चाळिसाव्या, कुणाचं खातं बंद, कुणाचं कमिशन वाढलं, हे प्लॅटफॉर्म ठरवतो, तो बहुतेक वेळा प्रोग्रॅमनं ठरवतो आणि कारण सांगत नाही. पूर्वीच्या मक्तेदारीकडं खाण असायची नाहीतर रेल्वे असायची. हिच्याकडं काय आहे? कोण काय बघतो, किती वेळ बघतो, कितीपर्यंत द्यायला तयार आहे, त्याचा विदा, म्हणजे डेटा. विक्रेता जेवढा जास्त विकतो तेवढा त्याचा धंदा प्लॅटफॉर्मला जास्त कळतो, आणि प्लॅटफॉर्मचा धंदा विक्रेत्याला कधीच कळत नाही. तुमच्या गिऱ्हाइकाचा नंबरसुद्धा तुमच्याकडं नसतो.

यावर उपाय नाही असं नाही. युरोपीय संघानं 2019 साली नियम केला आणि 2020 च्या जुलैपासून लागू केला. प्लॅटफॉर्मनं विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो ते सांगायचं, आणि एखाद्या धंद्याचं खातं बंद करायचं तर त्याला कारण लेखी द्यायचं. एवढंच. आपल्याकडे 2023 चा डेटा संरक्षण कायदा झाला, तो व्यक्तीच्या माहितीसाठी आहे. छोट्या धंदेवाल्याला 'का' विचारायचा हक्क त्यातून मिळत नाही. तो मागितला पाहिजे, आणि फक्त परदेशी कंपन्यांकडं नाही, आपल्या बँकांकडं आणि सरकारी पोर्टलकडंही. खातं होल्ड केलं तर वादातली रक्कमच अडवावी, आदेश देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा खातेदाराला कळावा, ठरावीक मुदतीत कुणीतरी माणसानं फोन उचलावा. यासाठी नवीन तंत्रज्ञान लागत नाही. ज्या यंत्रणेला 640 रुपयांचा माग दीड हजार किलोमीटर काढता येतो, तिला एक नाव स्क्रीनवर दाखवता येईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायचं राहिलं. ते पुढच्या वर्षी बोलावलंत तर. तोवर ती स्वतःच येऊन बोलेल कदाचित, मानधनही कमी घेईल. (हशा)

एक शेवटचं, मग प्रश्न घेऊ. ज्यांचं सोयाबीन अजून घरात आहे त्यांच्यासाठी. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के असते. 2024 च्या नोव्हेंबरात ती त्या हंगामापुरती 15 पर्यंत सैल केली होती. आडतीत मात्र मशीनवर आकडा काय आला ते बऱ्याचदा तोंडी सांगतात आणि भाव तोडतात. मशीन डिजिटल आहे, आकडा ठळक दिसतो, फक्त त्याचं तोंड व्यापाऱ्याकडं असतं. ते आपल्याकडं वळवायला सांगा, आकडा पट्टीवर लिहून घ्या आणि मापाड्याची सही घ्या. देत नसतील तर बाजार समितीच्या सचिवाकडं लेखी तक्रार करा आणि पोच मागा. हं, बोला, मागच्या ओळीतले कोण हात वर करतायत?